डच फुलदाणीतली पानं निळी का दिसतात? प्रत करताना हिरवी करावीत की निळीच ठेवावीत?

शिरीषपान (प्रश्न)

लंडनच्या नॅशनल गॅलरीत डच चित्रकार यान व्हान हाउसमचं मातीच्या फुलदाणीतल्या फुलांचं चित्र आहे. त्यावर 1736 आणि 1737 अशी दोन सालं आहेत. त्याची तेलरंगात प्रत करायची आहे आणि चार ठिकाणी अडलं आहे.

एक, खालच्या बाजूची काही पानं चक्क निळी आहेत. निळसर झाक म्हणावी इतकं ते साधं नाही, नीळ घातल्यासारखी दिसतात. त्याच चित्रात इतर पानं मात्र नीट हिरवी आहेत. चित्रकाराने हे ठरवून केलं, की रंग उडाला? उडाला असेल तर शेजारची पानं कशी वाचली?

दोन, प्रत करताना आज दिसतं तसं रंगवायचं, की मूळ असेल तसं?

तीन, थरांचा नेमका क्रम आणि प्रमाणं हवी आहेत. बहुतेक ठिकाणी "पारदर्शक थरांवर थर" एवढंच लिहिलेलं सापडतं. प्रत्यक्षात वाळलेल्या हिरव्यावर ग्लेझ (रंगाचा पातळ पारदर्शक थर) ओढलं की ते अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होतं, आणि गडद भाग वाळल्यावर ठिकठिकाणी मलूल पडतो.

चार, अँटवर्पची फ्लेमिश पद्धत आणि डच पद्धत एकच धरायची का?

लाजवर्द

पहिल्या दोन प्रश्नांचं सांगतो. पानं हिरवीच रंगवली होती. आज दिसतो तो त्या हिरव्याचा खालचा अर्धा भाग आहे, वरचा पिवळा उजेडाने खाल्ला.

मुळात त्या काळच्या चित्रकाराकडे एकट्याने भागेल असा चांगला हिरवा नव्हता. हिरवी माती फिकी. जंगाल (तांब्याच्या गंजाचा हिरवा) सुरुवातीला पाचूसारखा, पण तेलात आणि राळेत काही काळाने तपकिरी होतो. म्हणून हिरवा बनवायचा तो निळ्या-पिवळ्यातून. निळ्यात अझुराइट (तांब्याचं निळं खनिज) आणि नीळ, आणि 18व्या शतकात प्रशियन ब्लूची भर पडली. पिवळ्यात चार पर्याय: पिवळी माती, हरताळ (पिवळं खनिज), शिसं-कथिलाचा पिवळा आणि वनस्पतीच्या रंगाचा पिवळा लेक.

खरी गोम या लेकमध्ये आहे. वेल्ड नावाच्या झुडपाचा किंवा बकथॉर्नच्या कच्च्या फळांचा काढा करायचा, त्यात तुरटी आणि खडू घालून रंग खाली बसवायचा, गाळून वाळवायचा आणि तेलात घोटायचा. तेलात तो काचेसारखा पारदर्शक होतो. पानातून उजेड आरपार येतोय असं दाखवायचं तर असाच पिवळा लागतो. शिसं-कथिलाचा पिवळा टिकाऊ, पण अपारदर्शक. तो पानभर वापरला तर पान पत्र्याचं वाटतं. त्यामुळे खाली निळा-पांढरा-करडा अपारदर्शक थर आणि वर पिवळ्या लेकचं ग्लेझ, किंवा निळ्यातच लेक मिसळलेला, अशी रचना सर्रास होती. लेकमधला रंग सेंद्रिय आहे, तो उजेडाने तुटतो. खडूवर बसवलेला तर आणखी लवकर. खालचा निळा खनिज असेल तर त्याला काही होत नाही. उरतं ते निळं पान.

आता शेजारची पानं का वाचली? एकाच पानावर पाहिलं तरी उत्तर मिळतं. मधली शीर, दुमडलेली कड, उजेड थेट पडलेला उंचवटा या जागी शिसं-कथिलाचा पिवळा मिसळलेला असतो. तिथे अजून पिवळट हिरवं दिसतं आणि त्याला लागून पानाचा सपाट भाग निळा. जिथे पिवळी माती किंवा शिसं-कथिल जास्त पडलं ती पूर्ण पानंच हिरवी राहिली. चित्रकाराने दोन प्रकारची पानं काढली नव्हती, दोन प्रकारचे पिवळे वापरले होते.

हे फक्त फुलांपुरतं नाही. हेगच्या मॉरित्सहाउसमधल्या व्हर्मीरच्या मोत्याच्या कर्णभूषणातल्या मुलीमागे (सुमारे 1665) आज सपाट काळोख दिसतो. तिथे मुळात नीळ आणि वेल्डचं हिरवं पारदर्शक ग्लेझ होतं, आणि तपासणीत पडद्याच्या घड्यांच्या खुणाही सापडल्या. स्मॉल्ट म्हणजे कोबाल्टची निळी काच. तिच्यातलं पोटॅशियम तेलात झिरपून निघून गेलं की निळा जाऊन राखाडी-तपकिरी उरतं. हरताळ तर फळांच्या चित्रांत उजेडाने पांढुरका होतो, लिंबाचा आणि संत्र्याचा आकारच सपाट पडतो. किरमिजी लेकही फिका होतो, त्यामुळे आज पांढरे-गुलाबी दिसणारे कितीतरी गुलाब तेव्हा चांगले लाल-गुलाबी असणार.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं माझं मत स्पष्ट आहे. पद्धत शिकायला प्रत करत असाल तर पानं हिरवी करा, पण मग फक्त पानांवर थांबू नका. पानं ताजी हिरवी आणि गुलाब मात्र आजचे फिके, असं केलंत तर तोल बिघडेल, कारण दोन्ही एकाच वेळी एकाच कारणाने उडाले आहेत. किरमिजी छायाही थोड्या खोल कराव्या लागतील. एवढा अंदाज बांधायचा नसेल तर आज दिसतं तसं प्रामाणिकपणे रंगवा. अर्धवट दुरुस्ती सगळ्यांत वाईट.

हिरवी करताना अस्सल वेल्ड लेक वापरू नका, तो पुन्हा उडेलच. निकेल अ‍ॅझो यलो (ट्यूबवर पीवाय 150 असा क्रमांक) पारदर्शक आहे आणि उजेडात टिकतो. किरमिजीसाठी अलिझरीन क्रिमसन (पीआर 83) टाळा, क्विनाक्रिडोन (पीव्ही 19) घ्या.

खडूसरस

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा, म्हणून सविस्तर.

जमिनीपासून, म्हणजे रंगाखालच्या अस्तरापासून, सुरू करा. ग्लेझ गोळा होणं आणि रंग मलूल पडणं, दोन्हींची मुळं बऱ्याचदा तिथे असतात. इतकं बारीक काम करायचं तर लाकडी पॅनेल सोयीचं. लिटरभर पाण्यात 70 ग्रॅम कातडीचा सरस रात्रभर भिजत घाला. सकाळी भांड्यात भांडं ठेवून गरम करा, 60 अंशांच्या वर नेऊ नका. उकळला की सरसाचं बळ जातं आणि जमीन पुढे भुसभुशीत होते. त्यातला थोडा सरस निम्मं पाणी घालून पॅनेलच्या दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावलात तर पॅनेल वाकेल.

वाळल्यावर खडू. एक माप कोमट सरसपाण्यात साधारण दीड माप खडूची पूड वरून भुरभुरवा, ती आपोआप खाली बसू द्या, मग हलक्या हाताने ढवळा. जोरात घुसळलंत की हवा शिरते आणि वाळल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. चार ते सहा पातळ हात, प्रत्येक हात आधीच्याला काटकोनात. नंतरच्या हातांसाठी सरस चुकूनही जास्त कडक करू नका. वरचा थर खालच्यापेक्षा जोरात आकसला तर जाळीदार भेगा पडतात. सगळं वाळल्यावर खरवडून आणि घासून गुळगुळीत करा. उत्तर युरोपात खडू, इटलीत जिप्सम, हा फरक लक्षात ठेवा. नेदरलँड्सच्या चित्राची प्रत करताना खडूच घ्या.

ही जमीन तेल टिपकागदासारखं पिते. तुमचे गडद भाग मलूल पडतात त्याचं पहिलं कारण बहुधा हेच. म्हणून वर पातळ तेलाचा थर हवा, त्याला इम्प्रिमातुरा म्हणतात. पांढरा, चिमूटभर पिवळी माती, चिमूटभर कच्चा अंबर (तपकिरी माती), जवसाचं तेल आणि थोडं टर्पेंटाइन. हाताने ओढून पुसून घ्यायचा, जाड ठेवायचा नाही. आठवडाभर तरी वाळू द्या.

मग रेखन, आणि त्यावर डोडव्हर्फ. शब्दशः "मृत रंग". सगळं चित्र मोजक्या मातीच्या रंगांत, काळ्या-पांढऱ्यात, तपशिलाशिवाय उभं करायचं. उजेड कुठून येतो आणि कोणतं फूल पुढे, कोणतं मागे, हे इथेच ठरतं. पानांची डोडव्हर्फ निळसर करड्या हिरव्यात. रंग पातळ, तेल कमी. या टप्प्यावर चमक आली तर तेल जास्त झालं असं समजा.

त्यानंतर खरं रंगकाम, एकेक फूल घेऊन. पार्श्वभूमी आधी, आणि फुलांच्या जागा तिच्यात मोकळ्या राखायच्या. व्हान हाउसम फुलं समोर ठेवून रंगवत असे. 1742च्या एका पत्रात त्याने चित्र लांबल्याचं कारण दिलंय की पिवळा गुलाब मिळाला नाही. वसंतातला ट्यूलिप आणि उशिराची फुलं एका फुलदाणीत कधीच एकत्र आली नव्हती. एकाच चित्रावर दोन सालं दिसतात ती अशा कामामुळे.

ग्लेझ शेवटी. ते गोळा का होतं? खालचा थर गुळगुळीत, तेलकट आणि चकचकीत आहे, त्यावर पातळ द्रव पसरायला धजत नाही. कापसाच्या फडक्याला अगदी थोडं टर्पेंटाइन लावून तो भाग हळू पुसा. चिरलेला कांदा किंवा बटाटा चोळायचा जुना उपायही आहे, तोही चालतो. मग ग्लेझ मऊ ब्रशने ओढू नका. आखूड, ताठ केसांच्या ब्रशने घासून लावा आणि लगेच बोटाने किंवा तळव्याच्या कडेने टिपून घ्या. राहील तेवढाच थर हवा. ग्लेझसाठी तेल ओतत बसलात तर ते पिवळं पडतं आणि सुरकुततं.

वाळल्यावर मलूल पडलेल्या जागी एक भाग जवसाचं तेल आणि तीन भाग टर्पेंटाइन चोळा, दहा मिनिटं थांबा आणि कोरड्या फडक्याने सगळं पुसून घ्या. पृष्ठभाग ओला दिसला की पुरे. तेलाची फडकी चुरगाळून कधीही टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि अशा गोळ्याला आपोआप आग लागते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आणि वाळण्याचा वेग पाहून क्रम लावा. अंबरात मँगनीज असतं, तो दोन दिवसांत वाळतो. हाडांचा काळा आणि लेक आठवडा, कधी त्याहून जास्त घेतात. काळ्याच्या जाड थरावर लवकर वाळणारा पांढरा चढवलात तर वरचा थर ताठ होतो, खालचा अजून हलत असतो, आणि मगरीच्या कातडीसारख्या भेगा पडतात. गडद पार्श्वभूमीत काळ्यात थोडा अंबर मिसळा, वेग सुधारतो.

अँटवर्पची वाट

चौथ्या प्रश्नाला धरून एक पुरवणी, आणि खडूसरस यांच्याशी थोडा मतभेद. एकसारखा इम्प्रिमातुरा ही सगळ्यांची रीत नव्हती. अँटवर्पचा चित्रकार रूबेन्स याच्याकडे तो मुद्दाम असमान असतो. पांढऱ्या खडूच्या जमिनीवर करडा-तपकिरी पातळ रंग रुंद, राठ ब्रशने तिरपा ओढलेला, केसांच्या रेघा तशाच सोडलेल्या, रेघांच्या मधून पांढरं डोकावतंय. त्याच्या पॅनेलवरच्या तेलरंगी कच्च्या चित्रांत हे उघड दिसतं आणि लंडनच्या "सॅम्सन आणि डलायला"मध्येही (सुमारे 1609-10). या रेघा मध्यम छटांच्या जागी तशाच राखल्या की तेवढं रंगवण्याचं काम वाचतं आणि सावली जिवंत राहते. एकसारखा राखाडी लावलात तर हे हातचं गेलं.

रूबेन्सच्या कातडीतल्या निळसर छटांबद्दलही सांगायला हवं, कारण प्रत करणारे तिथे हमखास निळा मिसळतात आणि माणूस मेल्यासारखा दिसतो. त्या छटांत बहुतेक वेळा निळा रंग नसतोच. वाळलेल्या उबदार तपकिरीवर सफेदा (शिशाचा पांढरा) आणि थोडं हिंगूळ (तांबडा) यांचा अगदी पातळ थर कोरड्या ब्रशने घासून ओढला की मधली छटा आपोआप थंड, निळसर-करडी दिसते. पांढऱ्याचे बारीक कण निळा उजेड जास्त विखुरतात आणि खालचा गडद रंग उरलेला उजेड गिळतो. काळ्या भिंतीपुढे धूर निळा दिसतो तसंच. थर जाड झाला की जादू संपली, कारण खालचा गडद दिसायचा थांबतो. सावलीकडे पातळ, उजेडाकडे जाड, आणि मधल्या अरुंद पट्ट्यात ही छटा.

अँटवर्पमध्ये पॅनेल हा स्वतंत्र धंदा होता. पॅनेल करणारे स्वतःचा शिक्का मारत आणि गिल्डचा, म्हणजे कारागिरांच्या संघाचा, तपासनीस शहराचा किल्ला आणि दोन हात असा डाग देत असे. 1617 साली त्याचे नियम लिहून काढले गेले. तपासणीत कडेचं कोवळं, पांढरट लाकूड नाही ना हे बघत, कारण किडा आधी तिथे लागतो. लाकूड बाल्टिक भागातला ओक, तोही गाभ्यापासून कडेकडे अरीय चिरलेला, म्हणजे कमी वाकतो.

हॉलंडमध्ये मोठी चित्रं कॅनव्हासवर, आणि तिथे दुहेरी जमीन जास्त दिसते: खाली स्वस्त गेरूसारखी लाल माती तेलात, वर करडा थर. रेम्ब्राँच्या "नाइट वॉच"खाली (1642) मात्र क्वार्ट्झ मिसळलेली चिकणमातीची जमीन आहे, तीही तेलात. लाल जमिनीचा एक तोटा ध्यानात ठेवा. तेलरंग वयाबरोबर जास्त पारदर्शक होत जातो आणि खालचं तांबूस वर येतं. कितीतरी डच चित्रांच्या सावल्या आज मुळापेक्षा तपकिरी आहेत त्या यामुळे.

शिरीषपान

मनापासून आभार. पानाच्या शिरेचं उदाहरण वाचून चित्राची प्रतिमा पुन्हा मोठी करून पाहिली, अगदी तसंच आहे. दोन प्रश्न उरले. सफेद्याऐवजी टायटॅनियम व्हाइट चालेल का? आणि व्हान हाउसमचे दवाचे थेंब नेमके कसे बांधायचे? पांढरा ठिपका दिला की थेंब न दिसता मणी चिकटवल्यासारखा दिसतो.

लाजवर्द

टायटॅनियम चालेल, पण जसाच्या तसा नको. त्याची झाकण्याची ताकद सफेद्यापेक्षा खूप जास्त, त्यामुळे अँटवर्पची वाट यांनी सांगितलेली पातळ थंड छटा त्यात येत नाही, लगेच खडूसारखं पांढरं होतं. उपाय सोपा आहे. खडूची पूड जवसाच्या तेलात घोटून लोण्यासारखी करा. तेलात खडू जवळजवळ पारदर्शक होतो. ही पेस्ट आणि ट्यूबमधला टायटॅनियम निम्मे-निम्मे. फार घट्ट वाटलं तर तेल न घालता आणखी घोटा. झिंक व्हाइट घालू नका, त्याचा थर वयाने ठिसूळ होतो.

सफेदाच हवा असेल तर ट्यूबमधलाच घ्या, कोरडी पूड घरात आणू नका. हातमोजे घाला, त्या टेबलावर खाऊ-पिऊ नका आणि वाळलेला थर कोरडा घासू नका. शिशाची धूळ श्वासातून जाते. जुन्या डच पद्धतीत शिशाच्या गुंडाळ्या व्हिनेगरच्या मडक्यांत ठेवून घोड्याच्या लिदीत सुमारे तीन महिने पुरत. लिदीतून ऊब आणि कार्बन डायऑक्साइड मिळे आणि शिशावर पांढरी खपली धरे. तो सफेदा तेलात चिवट होतो, ब्रश उचलला की शेपटी निघते. डच चित्रांतल्या उठावदार उजेडाचा बराचसा गुण याच चिवटपणाचा.

खडूसरस

दवाच्या थेंबाचं मी सांगतो. थेंब म्हणजे भिंग, हे धरून चला. या चित्रांत उजेड बहुधा डावीकडून वरून येतो असं समजू.

पान पूर्ण रंगवून वाळू द्या, थेंबाखालीही. मग थेंबाचा आकार फक्त पानाच्याच रंगात बांधा. डावीकडची वरची बाजू, म्हणजे उजेडाकडची, पानापेक्षा गडद: पानाच्या रंगात थोडा तपकिरी, पातळ. उजवीकडची खालची बाजू पानापेक्षा उजळ: पानाच्या रंगात शिसं-कथिलाच्या पिवळ्यासारखा फिका पिवळा. उजेड थेंबातून वळून तिथे गोळा होतो म्हणून. दोन्हींच्या मधली सीमा मऊ ब्रशने मिटवून टाका.

मग थेंबाच्या बाहेर, उजवीकडे खाली, पानावर बारीक चंद्रकोरीसारखी सावली, थेंबाला टेकलेली. तिच्यात मध्यावर किंचित उजळ डाग, कारण थेंबातून निघालेला उजेड सावलीतही पडतो. हा डाग विसरला की थेंब गारगोटीसारखा दिसतो.

पांढरा ठिपका सगळ्यांत शेवटी, एकच, जाडसर, आणि थेंबाच्या गडद बाजूवर, कडेपासून थोडा आत. तुमची चूक इथेच होत असावी: ठिपका उजळ बाजूवर दिला की थेंबात उजेडाची दोन टोकं एकाच जागी येतात आणि मणी तयार होतो. थेंबाभोवती पांढरी कड काढू नका. ठिपक्यासाठी तीन-चार केसांचा ब्रश घ्या, रंग टोकावर उचला, टेकवा आणि सरळ वर उचला, ओढू नका. बिघडला तर ओला असतानाच कोरड्या ब्रशच्या टोकाने उचलून घ्या. पुसायला गेलात तर खालची गडद छटाही निघून येईल आणि थेंब पहिल्यापासून बांधावा लागेल.